ए पासून पी पर्यंत: कुडाळजवळच्या एका डेथ मेटल बॅन्डच्या पहिल्या अल्बमचं प्रकरण

आधी परिस्थिती सांगतो. कुडाळपासून थोडं आत, एका घराच्या मागच्या, पेंढा ठेवायच्या मांगरात वाजवणारा चार जणांचा डेथ मेटल बॅन्ड, म्हणजे जड गिटार, जोरदार ड्रम आणि घशातून गुरगुरत गायलेलं रॉक. दोन गिटारवाले सख्खे भाऊ, त्यातला धाकटा गातो पण, एक ड्रमर, आणि बास गिटार माझ्याकडे, रेकॉर्डिंग आणि मिक्सिंगसुद्धा माझ्याकडेच कारण लॅपटॉप आणि इंटरफेस माझा. दहा गाणी तयार होती, दोन वर्षं वाजवून वाजवून हातात बसलेली, मांगरात समोर उभं राहून ऐकलं की अंगावर काटा यायचा. आणि एप्रिल २०२२ मधे तीच गाणी रेकॉर्ड केली तर चिखल. अक्षरशः लावणीच्या आधी चिखलणी केलेल्या शेतासारखं, कुठे किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) संपते आणि कुठे गिटार सुरू होते तेच कळेना. हे असं का झालं आणि त्यातून आठ गाण्यांचा अल्बम कसा निघाला ते सगळं इथे लिहून ठेवतोय, कारण आमच्यासारखे गावात बसून असलं म्युझिक करणारे अजून आहेत आणि बरेच जण ह्याच खड्ड्यात पडतात हे मी बघितलंय.

मूळ कारण शोधत गेलो तर ते एका हार्डडिस्कपाशी जाऊन थांबतं. २००९ च्या गणपतीला दोघा भावांचा मुंबईचा चुलतभाऊ कोकणकन्येने आला तो एक हार्डडिस्क घेऊन, त्यात मेटलचा एक फोल्डर. आमच्याकडे तेव्हा नेट म्हणजे सायबर कॅफे, त्यामुळे तो फोल्डर म्हणजे आमची शाळा. आता फोल्डरमधे बॅन्ड लागतात इंग्लिश अक्षरांच्या क्रमाने, मग आम्ही पण त्याच क्रमाने ऐकले, आधी ऑटॉप्सी, मग डेथ, मग एन्टूम्ब्ड, मग मॉर्बिड एंजल, मग ओबिच्युअरी, आणि सगळ्यात शेवटी पझेस्ड. म्हणजे ज्यांनी १९८५ मधे 'सेव्हन चर्चेस' काढून त्यातल्या शेवटच्या गाण्याचं नावच 'डेथ मेटल' ठेवलं ते आमच्याकडे सगळ्यांच्या मागून आले! गंमत म्हणून नाही सांगत, ह्याचा परिणाम फार खोल झाला. कोणी कोणाकडून काय घेतलं, कुठल्या शहरात, कुठल्या खोलीत, हातात काय सामान होतं म्हणून तो आवाज तसा आला, ह्यातलं काहीच आम्हाला माहीत नव्हतं. आम्हाला सगळे एकदम, एकाच वेळी, शेजारी शेजारी भेटले. आम्ही निकाल ऐकले, कारणं नाही ऐकली.

त्यामुळे आमच्या दहा गाण्यांत काय होतं तर थोरल्याला हवा होता स्टॉकहोमच्या एन्टूम्ब्डचा गिटार आवाज, धाकट्याला हवा होता फ्लोरिडाच्या मॉर्बिड एंजलचा वेग, आणि दोघांना आपलंच बरोबर वाटायचं. थोरल्याने बॉस कंपनीचं एचएम-२ पेडल, म्हणजे गिटारचा आवाज फाडून जाड करणारी डबी, घेतलं होतं, २०२१ मधे कंपनीने ते परत काढलं ना तेच, आणि चारही नॉब शेवटपर्यंत उजवीकडे फिरवून ठेवलेले, जसं स्वीडनवाले करायचे. धाकट्याने ड्रमरला मॉर्बिड एंजल ऐकवून ऐकवून चार गाण्यांत अखंड डबल बास (दोन्ही पायांनी सतत किक) घालायला लावलेला, दोनशेच्या टेम्पोला. दोन्ही गोष्टी एकेकट्या सुंदर आहेत. एकत्र मात्र त्या बसत नाहीत आणि हे कळायला मला तीन आठवडे लागले, ते तीन आठवडे मी इक्वलायझरवर फ्रिक्वेन्सी कापत बसलो होतो.

शेवटी एका रात्री सरळ टेस्ट केली. एकच रिफ (गिटारची परत परत येणारी ओळ), एकच टेक, आधी पेडलचा ट्रॅक बंद केला तर ड्रम अगदी स्वच्छ. मग पेडल चालू करून डबल बासच्या जागी साधी किक ठेवली तर गिटार अशी उघडली की करवत लाकडात शिरल्यासारखी. दोन्ही चालू केलं की परत चिखल. म्हणजे चूक मिक्समधे नव्हतीच, चूक गाण्याच्या रचनेत होती.

जरा हिशोब मांडून सांगतो कारण हाच ह्या प्रकरणाचा गाभा आहे. टेम्पो २००, म्हणजे मिनिटाला २०० मात्रा, आणि प्रत्येक मात्रेला चार किक म्हणजे मिनिटाला ८०० ठोके, सेकंदाला तेरा पेक्षा जास्त, दोन ठोक्यांच्या मधे फक्त ७५ मिलिसेकंद. आता आमच्या मांगराच्या भिंती चिऱ्याच्या, एका बाजूला सिमेंटचा गिलावा, वर पत्रे, आणि एप्रिलमधे मांगर पूर्ण रिकामा कारण पेंढा गुरांनी तोपर्यंत संपवलेला. त्या खोलीत टाळी वाजवली तर आवाज अर्धा सेकंद तरी घुमायचा. म्हणजे एक ठोका विरायच्या आत पुढचे सहा येऊन बसलेले. त्यावर ते पेडल, ज्याचा सगळा जोर खाली शंभर हर्ट्झच्या आसपास आणि वर एक किलोहर्ट्झच्या आसपास, म्हणजे किकचं पोट जिथे आणि माझा बास जिथे तिथेच ते पण येऊन बसतं. मग ऐकणाऱ्याला काय ऐकू येणार?

हे कळल्यावर मी त्या जुन्या अल्बमांकडे परत गेलो, ह्या वेळेला वर्षांच्या क्रमाने, आणि ह्या वेळेला आवाज कसा आहे एवढंच नाही तर का तसा आहे हे विचारत.

पझेस्डची पोरं 'सेव्हन चर्चेस' रेकॉर्ड करताना शाळेत होती, ईस्टरच्या सुट्टीत केलेलं काम आहे ते, प्रोड्युसर रँडी बर्न्स. दोन वर्षांनी, १९८७ मधे, डेथचा पहिला अल्बम 'स्क्रीम ब्लडी गोर' आला त्याला पण प्रोड्युसर तोच रँडी बर्न्स. ह्यात चक शुल्डिनर गातो, गिटार वाजवतो, बासही तोच वाजवतो, आणि ड्रमवर ख्रिस रायफर्ट, फक्त दोघंच. आणि हे मला फार धीर देऊन गेलं की फ्लोरिडात त्यांनी आधी केलेलं रेकॉर्डिंग कंपनीने नाकारलं होतं, मग कॅलिफोर्नियात जाऊन परत केलं तो आज आपण ऐकतो तो अल्बम. पुढे रायफर्ट तिकडेच राहिला आणि त्याने ऑटॉप्सी काढला, आणि ऑटॉप्सी ऐकून स्टॉकहोमची पोरं वेडी झाली. मॉर्बिड एंजलचं तर त्याहून मोठं, १९८६ मधे त्यांनी एक पूर्ण अल्बम रेकॉर्ड केला आणि स्वतःलाच पटला नाही म्हणून बाजूला ठेवला, मग १९८९ मधे 'ऑल्टर्स ऑफ मॅडनेस' हा पहिला अल्बम म्हणून बाहेर आला, त्यातली काही गाणी त्या जुन्या सेशनमधलीच, पण पहिल्यापासून परत वाजवलेली. आणि ड्रमर पीट सॅन्डोव्हल ह्या बॅन्डमधे येईपर्यंत डबल बास वाजवतच नव्हता, ह्या गाण्यांसाठी तो शिकला. ते रेकॉर्ड झालं टॅम्पाच्या मॉरिसाउंडमधे. तिथला आवाज कोरडा, घट्ट, किकला खट्ट अशी टोकदार धार, गिटार त्यामानाने बारीक. ती गिटार बारीक आहे म्हणूनच त्या किकला श्वास घ्यायला जागा आहे हे मला पस्तिशीत कळलं, आणि हा अल्बम मी विशीपासून ऐकतोय.

आता उलट बाजू. एन्टूम्ब्डचा पहिला अल्बम 'लेफ्ट हॅन्ड पाथ', स्टॉकहोमच्या सनलाइट स्टुडिओत डिसेंबर १९८९ मधे रेकॉर्ड झालेला, प्रोड्युसर टोमास स्कोग्सबर्ग, १९९० मधे इअरएक ह्या कंपनीने काढला. त्याआधी ह्याच पोरांचा निहिलिस्ट नावाचा बॅन्ड होता आणि पेडलचे सगळे नॉब फुल करायचा हा आवाज तिथून आला. वयं १७-१८. आणि ड्रम नीट ऐका, नीके अँडरसन काय वाजवतोय? बराचसा भाग हार्डकोर पंकचा आहे, डिस्चार्ज ह्या ब्रिटिश बॅन्डच्या नावावरून ज्याला डी-बीट म्हणतात तो पळता ठेका, मधे स्फोट होतो, मग अचानक सगळं जड आणि सावकाश. शीर्षकगीताच्या शेवटी तर एका हॉरर सिनेमाची धून संथपणे येते, त्या जागी ती गिटार भिंतीसारखी उभी राहते कारण तिच्या खाली सेकंदाला तेरा ठोके नाहीत. एवढं जाड गिटार ज्यांच्याकडे होतं त्यांनी ड्रमला जागा सोडून लिहिलं. आणि फ्लोरिडामधेच ओबिच्युअरी बघा, त्याच मॉरिसाउंडमधे १९८९ साली 'स्लोली वी रॉट', पण ते सेल्टिक फ्रॉस्टच्या जड चालीवर वाढलेले, त्यामुळे त्यांची गती वेगळी. म्हणजे फ्लोरिडा म्हणजे वेग आणि स्वीडन म्हणजे जाडी हे ज्यावरून दोघे भाऊ भांडत होते तेच अर्धवट होतं.

हे सगळं मी दोघांना मांगरात बसवून ऐकवलं, वर्षाप्रमाणे, एका दुपारी. थोरला गप्प. धाकटा म्हणाला, "दादा, म्हणजे आपण दोन अल्बम एकाच वेळी काढतोय." बरोबर तेच.

मग ठरलं की गिटारचा आवाज ठेवायचा आणि गाणी त्याच्यासाठी परत रचायची. पेडल का जिंकलं आणि वेग का हरला, तर ड्रमरमुळे. हे स्पष्ट लिहितो कारण ह्यात त्याला कमी लेखण्याचा प्रश्नच नाही. तो लहानपणापासून शिमग्याला पालखीसमोर ढोल वाजवतो, तास न् तास, चालत, चढावर, अनवाणी. त्याच्या हातात जी ताकद आहे ती दमात आहे, एका ठेक्याला धरून ठेवण्यात आहे, आणि जोराचा ठोका यायच्या आधी तो किंचित मागे ओढतो ना त्यात आहे. अखंड डबल बासला त्याचे पाय पुरत नव्हते आणि क्लिकवर (कानात ठेका धरणाऱ्या टकटकीवर) घातला की तो मागे ओढणारा हात मरायचा, सगळं बरोबर पण निर्जीव. आम्ही दोन वर्षं त्याला सॅन्डोव्हल व्हायला सांगत होतो आणि आपल्याकडे काय आहे ते बघतच नव्हतो. ज्या दिवशी क्लिक बंद केला आणि गाणी डी-बीट आणि संथ ठेक्यात बसवली त्या दिवशी त्याने पहिल्यांदा टेक संपल्यावर परत ऐकायला मागितला.

इथे एक वाद झाला तो लिहायलाच पाहिजे. धाकट्याचं म्हणणं होतं की मग खरा ढोलच घेऊया अल्बममधे, सुरुवातीला ढोल-ताशा टाकूया, आपली ओळख दिसेल, मुंबई-पुण्याची पोरं लगेच ऐकतील. ड्रमरने एका वाक्यात नाही म्हटलं, "ढोल पालखीच्या फुडेच बरो, हंयसर नको." मला त्याचं तेव्हा पण पटलं आणि आता पण पटतंय. ढोल त्याच्या हातात आधीच होता, स्नेअरवर (काठ्यांनी वाजवायच्या छोट्या ड्रमवर) तो ऐकू येत होता, त्याला वेगळा आणून दाराशी तोरणासारखा लावायची काय गरज? प्रभाव दाखवायचा म्हणून चिकटवला की तो पाहुणा वाटतो. तसंच देवचाराचं. धाकट्याने एक गाणं देवचारावर लिहिलं होतं, जुन्या अल्बमांत सगळीकडे भुतं-प्रेतं-कत्तल आहे म्हणून आपल्याकडचं भूत. त्याच्या आजीला कळलं तर ती म्हणाली तो राखणदार आहे, त्याला असा ओरडून हाक मारू नको. गाणं काढून टाकलं. काही लोकांना हे पटणार नाही, पण त्या घरात त्या राखणदाराला दरवर्षी राखण देतात, त्याच घराच्या मांगरात बसून आम्ही वाजवतो, आणि डेथच्या शुल्डिनरची प्रेतं सिनेमातून आलेली होती, आमचा देवचार सिनेमातला नाही.

मग गाणी कशावर? तौक्ते वादळावर दोन, मे २०२१ मधे ते किनाऱ्याला घासून गेलं तेव्हा आमच्याकडे कित्येक दिवस लाईट नव्हती, ते अंधारातले दिवस. चिरेखाणीवर एक, पावसात पाण्याने भरलेल्या त्या चौकोनी खोल खड्ड्यांवर. बाकी अशीच, इथलीच.

आणि भाषा बदलली, हा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो. आधी सगळं इंग्लिशमधे होतं. ग्रोल करताना, म्हणजे तसं गुरगुरत गाताना, धाकट्याचा आवाज ओळीच्या शेवटी प्रत्येक वेळी आवळायचा, कारण त्याच्या इंग्लिश ओळी बहुतेक 'ई' किंवा 'इंग' वर संपत होत्या, आणि 'ई' ला तोंड बारीक होतं, गळ्यातली घरघर तिथे अडकते. मग त्याने प्रमाण मराठीत लिहून बघितलं, "माड मोडला, वासा तुटला", आधीपेक्षा बरं, 'आ' ला तोंड उघडतं पण हवा फार सुटते, आवाज पसरतो. मग एके दिवशी चिडून घरात बोलतो तसंच म्हणाला, "माड मोडलो, वासो तुटलो, काळोख पडलो." आणि आम्ही सगळे एकमेकांकडे बघत राहिलो. मालवणीचा तो शेवटचा 'ओ', तोंड गोल, घसा उघडा, घरघर छातीत राहते आणि ओळ धाडकन बंद होते. त्यात मोडलो, तुटलो, पडलो मधले ड, ट तर ठोक्यावर पडणारे हातोडेच. ओबिच्युअरीच्या जॉन टार्डीने पहिल्या अल्बममधे बऱ्याच ठिकाणी शब्दांपेक्षा नुसता आवाज वापरलाय, कारण त्याला आवाज पाहिजे होता. आम्हाला तो आवाज बोलीतच तयार मिळाला, जो आम्ही घरात रोज बोलतो आणि माईकसमोर उभं राहिलो की लपवत होतो. धाकट्याने आठवड्याभरात सगळी गाणी मालवणीत केली.

रेकॉर्डिंग दुसऱ्यांदा केलं ते नोव्हेंबरच्या शेवटी. खरं तर दिवाळीनंतर लगेच करायचं होतं पण कापणी-झोडणी सगळ्यांच्याच घरी, ड्रमर तर शेतातच. झोडणी झाली आणि मांगर पेंढ्याने छपरापर्यंत भरला, काकांनी, म्हणजे भावांच्या वडिलांनी, सांगितलं आता तुमचं सामान हलवा. आम्ही हातापाया पडून मधे ड्रमपुरती जागा मागितली. आणि ड्रम मांडून पहिला स्नेअर मारला तर घुमणं गायब! तीन बाजूंनी पेंढ्याच्या राशी, आवाज आत शिरतो आणि परत येत नाही. एप्रिलमधे ज्यासाठी मी फोमचे भाव काढत होतो ते काम भाताच्या पेंढ्याने केलं. उरलेल्या गिलाव्याच्या भिंतीवर गोणपाट आणि काथ्याची गादी टांगली.

किकचं पोट तरी थोडं वाजतच होतं. ड्रमरचे मामा दशावतारात पखवाज वाजवतात, ते सहज डोकावले, थोडं ऐकलं आणि म्हणाले, "डाव्या अंगाक कणीक लावल्याशिवाय पखवाज बोलता काय?" आम्ही कणीक नाही लावली पण जुनी गोधडी घडी घालून किकच्या आत अशी ठेवली की ती मागच्या कातड्याला टेकेल, आणि किक एकदम बसली, ठप्प, पुढे काही नाही. पंधरा मिनिटं त्या गोधडीची घडी कमी-जास्त करण्यात गेली, मामा बाहेर पायरीवर बसून प्रत्येक वेळी मान हलवत होते किंवा नव्हते.

गिटार दोन दिवसांत. प्रत्येक बाजूला दोन टेक, थोरल्याचा पेडलवाला आवाज दोन्हीकडे, धाकट्याने पेडल न लावता साध्या अॅम्पच्या डिस्टॉर्शनने तेच रिफ मागे वाजवले म्हणजे त्या करवतीच्या आत नेमके सूर कुठले ते कळतं. लाईट दोनदा गेली, पेडल नऊ व्होल्टच्या बॅटरीवर होतं आणि बाकी इन्व्हर्टरवर, काम थांबलं नाही. बास मी पिकने वाजवला आणि खालचं बरंचसं काढून टाकलं, हे करताना मनाला लागलं कारण बास खाली असावा असंच आपल्याला वाटतं, पण खालची जागा पेडलने आणि किकने घेतलेली होती, मी मधे सरकलो तेव्हा कुठे बास ऐकू यायला लागला.

गाणं सगळ्यात शेवटी, दिवसाला दोनच गाणी, नाहीतर घसा जातो. पहिल्या दिवशी काकी धावत आल्या होत्या, "अरे गळो बसतलो तुझो, गरम पाणी हाडू काय?" आणि नंतर रोज न सांगता गरम पाण्याचा तांब्या दाराशी ठेवलेला असायचा.

आठ गाणी, चौतीस मिनिटं. मिक्स मी जानेवारीत संपवलं आणि ह्या वेळेला इक्वलायझरला फार हात लावावा लागला नाही. कुठे काय राहिलं ते पण लिहितो. तिसऱ्या गाण्यात थोरल्याची गिटार शेवटच्या मिनिटाला किंचित उतरलेली आहे, सकाळी दव आणि दुपारी ऊन ह्यात गिटारचा लाकडी गळा हलतो, आम्ही प्रत्येक टेकआधी ट्यून करत होतो, तिथेच एकदा राहिलं. खाणीवरच्या गाण्याचा मधला संथ भाग आठ आवर्तनं आहे, सहा पुरली असती. पहिल्या गाण्यात ग्रोल थोडा पुढे आलाय, मला तेव्हा ते शब्द सगळ्यांना कळावेत असं फार वाटत होतं. आणि ऐकणारे जाणकार लगेच स्वीडनचं नाव घेतात, ते घेणारच, ते पेडल ऐकून दुसरं नाव येणारच नाही, त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. पण गावातल्या दोघा-तिघांनी, ज्यांना एन्टूम्ब्ड काय ते माहीतच नाही, पाचव्या गाण्याला विचारलं की हा ठेका शिमग्यातला का. ड्रमरला हे सांगितलं तेव्हा तो नुसता हसला.

काढलेल्या दोन गाण्यांपैकी एक देवचाराचं, ते गेलं. दुसरं ते दोनशेच्या टेम्पोचं, धाकट्याचं सगळ्यात लाडकं, ते हार्डडिस्कवर तसंच आहे. ड्रमर रोज संध्याकाळी मांगरात पायाचा रियाज करतो, पेंढा संपत आलाय त्यामुळे आवाज घरापर्यंत येतो, आत्ता तो एकशे सत्तरला स्वच्छ वाजवतो. त्या गाण्याला पेडल लावायचं नाही हे थोरल्याने स्वतःहून सांगितलंय.